गोव्यात वापरायला पेट्रोल घ्यावी की डिझेल? खर्च आणि भरवसा, दोन्ही अंगांनी सांगा

कुळागर
नमस्कार मंडळी. घरात नवी गाडी घ्यायचीय आणि पेट्रोल की डिझेल इथंच गाडं अडलंय. घर फोंड्यात. माणसं पाच. वर्षाला साधारण १२ हजार किमी होतील. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटानं बेळगाव, अधूनमधून सावंतवाडी. गाडी दहा वर्षं ठेवायची आहे, दर पाच वर्षांनी बदलणाऱ्यातले आम्ही नव्हे. बजेट ऑन रोड १५ लाखांच्या आत. डोळ्यासमोर दीड लीटर इंजिनाच्या मध्यम एसयूव्ही आहेत, ज्यांत दोन्ही पर्याय मिळतात.

शोरूमवाले म्हणतात डिझेल घ्या, नातेवाईक म्हणतात आता डिझेल संपलं. मला दोन गोष्टी कळायला हव्यात: किलोमीटरमागे खरा खर्च किती, आणि पावसाळ्यात कोणती गाडी कमी रडवते.

अनमोड
घाट आणि पाच माणसं म्हटल्यावर डिझेल. दीड लीटर साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, पेट्रोलचा टॉर्क (ओढण्याची ताकद) १४४ न्यूटन-मीटर, तोही ४५०० आरपीएमला. त्याच गाडीच्या डिझेलचा २५०, तोही १५०० पासूनच. केरीपासून वर चढताना एसी चालू, मागे तिघं आणि डिकीत सामान असेल तर पेट्रोलला सतत दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. डिझेल तिसऱ्यावर शांत चढतं.

हिशेबनीस
भावनेत शिरण्याआधी आकडे मांडू. पेट्रोल ९७ आणि डिझेल ८९ रुपये धरतो. गोव्यात दोन्हींत सात-आठ रुपयांच्या आसपास फरक असतो, शेजारच्या महाराष्ट्रात तो जास्त आहे.

मिश्र वापरात पेट्रोल १३ आणि डिझेल १८ किमी देतं असं समजा. पेट्रोलचा किलोमीटर पडला ७.४६ रुपयांना, डिझेलचा ४.९४ ला. फरक २.५२. यातून डिझेलच्या वाढीव देखभालीचे (जादा ऑइल, डिझेल फिल्टर, धूर स्वच्छ करणारा डीईएफ द्रव) ३० पैसे वजा करा. उरले २.२२.

आता डिझेलची जादा किंमत. शोरूम दरात १ लाख ४० हजार धरा. रोड टॅक्स किमतीच्या टक्क्यात असतो आणि विम्याचा हप्ताही किमतीवर ठरतो, म्हणून १ लाख ६० हजार. भागिले २.२२ केलं की ७२ हजार किमी. तेवढं अंतर कापल्यावर डिझेलचा पहिला रुपया वाचायला लागतो.

वर्षाला ८ हजार किमी असतील तर नऊ वर्षं, १२ हजारांना सहा, २० हजारांना साडेतीन. कुळागरबाब, तुम्ही बरोबर मधोमध उभे आहात.

अनमोड
हिशेबनीस, विकताना डिझेलला जास्त भाव येतो तो कुठे धरलात? जादा दिलेल्यातले ७० हजार परत आले तरी तुमचे ७२ हजार किमी खाली येतात.

हिशेबनीस
मान्य. ७० हजार परत आले तर उरतात ९० हजार, म्हणजे साडेचाळीस हजार किमी. पण मग व्याजही धरा. १ लाख ६० हजारांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज असेल तर ३९ हजार व्याज जातं. बेरीज झाली १ लाख २९ हजार, म्हणजे ५८ हजार किमी. शिवाय कुळागर गाडी दहा वर्षं ठेवणार आहेत. दहा वर्षांच्या डिझेलला गिऱ्हाईक आणि भाव कसा असेल यावर आज पैज लावू नये. मी ६० ते ७० हजार किमी हाच आकडा धरून चालेन.

मोगरा
मायलेजचे आकडे गाडीच्या पडद्यावरचे घेऊ नका. तो पडदा सहसा पाच-दहा टक्के गोड बोलतो. टाकी ते टाकी मोजा: पंपावर पहिल्या कट-ऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, भरा, ट्रिप शून्य करा, निदान ३०० किमी चालवा, मग त्याच पंपावर त्याच नोझलनं पुन्हा पहिल्या कट-ऑफपर्यंत. किमीला लीटरनं भागा. असे तीन भरणांचे आकडे घेऊन सरासरी काढा. कट-ऑफनंतर «राउंड फिगर करतो» म्हणून वर ओतू दिलंत की मोजमाप बिघडलं, आणि टाकीची वाफ अडवणारा कोळशाचा डबाही भिजतो.

मांडवीकाठ
पेट्रोलच्या हिशेबात ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, विसरू नका. इथेनॉलमध्ये लीटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर लीटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई२० धरून बनवल्यात, त्यांचे रबरी पाइप आणि सील टिकतात. जुन्या गाडीत मात्र मायलेज घटल्याचं जाणवतं आणि होस, गॅस्केट यांच्यावर नजर ठेवावी लागते.

दुसरा मुद्दा खास आपल्या हवेचा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली तर आतल्या मोकळ्या जागेतली दमट हवा इंधनात उतरते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. गाडी बराच काळ उभी करायची असेल तर टाकी भरून ठेवा, रिकामी नको.

स्पॅनर
वर सगळे वर्षाच्या किलोमीटरवर बोलतायत. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस६ नियम आल्यावर तो प्रश्न दुय्यम झालाय. आता डिझेल घेणाऱ्यानं आधी विचारायचं ते हे: *एका स्टार्टमागे गाडी किती किलोमीटर चालते?*

कारण डीपीएफ. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी सिरॅमिकची जाळी असते. ती भरत आली की ईसीयू (इंजिनाचा संगणक) जादा डिझेल सोडून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी इंजिन पुरतं गरम हवं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगानं सलग चालायला हवी. दोन-तीन किमीच्या फेऱ्यांत इंजिनच गरम होत नाही. रिजनरेशन सुरू होतं आणि चावी बंद केली की अर्ध्यावर तुटतं. असं पाच-सहा वेळा झालं की जळण्यासाठी सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसतं, वास घेतला तर डिझेलचा. पातळ झालेलं ऑइल टर्बोच्या बेअरिंगला आणि क्रँकच्या बेअरिंगला पुरत नाही. डीपीएफ महाग आहेच, पण खरा धोका या ऑइलमध्ये आहे.

डिझेल वाईट असं मी म्हणत नाही. रोज म्हापसा ते वेर्णा जाणाऱ्यानं डोळे मिटून डिझेल घ्यावी. फोंड्याच्या बाजारात फिरणाऱ्यानं दहादा विचार करावा.

वाळपईवारा
स्पॅनरबाब, डीपीएफचा दिवा लागलाच तर नेमकं काय करायचं? मॅन्युअलमध्ये एक ओळ असते, ती पुरत नाही.

स्पॅनर
दिवा स्थिर पिवळा असेल तर अजून तुमच्या हातात आहे. ऑइलची पातळी बघा, कमाल खुणेच्या वर असेल तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला. ठीक असेल तर टाकीत निदान पाव इंधन ठेवून मोकळ्या रस्त्याला लागा. फोंडेकरांना धारबांदोडा ते मोले, उत्तरेला धारगळहून पत्रादेवीकडे, दक्षिणेला वेर्ण्याचं पठार. एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएम धरा, वीसेक मिनिटं, वेग ६० च्या वर.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायची खूण: थांबल्यावर आयडल नेहमीच्या ८०० ऐवजी हजाराकडे, रेडिएटरचा पंखा जोरात, इंजिनाचा आवाज किंचित घोगरा, मागून गरम धातूचा वास आणि तात्पुरतं घसरलेलं मायलेज. या वेळी इंजिन बंद करायचं नाही, सुक्या गवतावर किंवा पाचोळ्यावर गाडी उभी करायची नाही.

दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनाचा दिवा आला आणि ताकद उतरली, तर रस्त्यावर जाळण्याचा नाद सोडा. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजनरेशन करतात. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलून घ्याच. ऑइल कमी राखेचं, म्हणजे डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ लिहिलेलं, तुमच्या मॅन्युअलमध्ये जे सांगितलंय ते. साध्या डिझेल ऑइलमधली राख जाळीत कायमची बसते, ती जळत नाही.

तांबडीमाती
डिचोली, साखळी, कुडचडे, सावर्डे या खाणपट्ट्यातल्यांनी एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर बघावा. लाल धूळ बारीक असते, फिल्टरच्या घड्यांत घट्ट बसते. टर्बो डिझेलला हवा कमी पडली की काजळी वाढते आणि स्पॅनर म्हणाले ती जाळी लवकर भरते. फिल्टर आतून बाहेर हलक्या दाबानं फुंकायचा. बाहेरून आत मारलेली हवा धूळ कागदात आणखी ठोकते. कागद कुठे फाटलाय का हे उजेडासमोर धरून पाहा. फाटका असेल तर न पुसता फेकून द्या. फिल्टर बसवताना डब्याच्या कडेची रबरी पट्टी पुसा, धूळ तिथूनच शिरते.

मोगरा
आणि डीईएफ? आता बहुतेक नव्या डिझेलना तो निळ्या झाकणाचा द्रव लागतो.

स्पॅनर
हो. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. ढोबळ मानानं हजार किमीला लीटरभर लागतो. तीन गोष्टी सांभाळा. टाकी पूर्ण संपू देऊ नका, संपल्यावर एकदा बंद झालेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही, तशी रचनाच आहे. कॅन उन्हात डिकीत ठेवू नका, उष्णतेनं तो खराब होतो. आणि ओतताना सांडला तर लगेच पाण्यानं धुवा, वाळला की पांढरे खडे होतात आणि कनेक्टर खातात. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेला तर चावीला हात लावू नका.

अनमोड
तुम्ही डिझेलच्या सगळ्या व्याधी मोजताय, पेट्रोलच्या कोण सांगणार? टर्बो पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शनचं, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारं, इंजिन घेतलं तर इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण त्यांच्यावर इंधनाचा फवारा पडतच नाही. त्याला टर्बोही आहे आणि उच्च दाबाचा पंपही. मायलेज पायाच्या दाबावर, शहरात दहाच्या खाली येतं. साधं पेट्रोल निर्धोक आहे हे खरं, पण घाटात त्याची दमछाक होते.

हिशेबनीस
म्हणूनच तुलना साध्या पेट्रोलशी करावी, मल्टिपॉइंट इंजेक्शनवाल्याशी, ज्यात इंधन व्हॉल्व्हच्या आधीच फवारलं जातं. त्यात इंधनाचा दाब तीन-चार बार. आजच्या डिझेलमध्ये १६०० ते २००० बार. सुईच्या टोकाहून बारीक भोकांतून इतक्या दाबानं जाणाऱ्या इंधनात पाण्याचा थेंब गेला तर काय होईल हे सांगायला नको. देखभाल बघाल तर पेट्रोलला साधारण साडेतीन लीटर ऑइल, डिझेलला पाचच्या आसपास. पेट्रोलला इरिडियम प्लग असतील तर लाखभर किमीपर्यंत हात लावावा लागत नाही, साधे असतील तर ३०-४० हजारांना बदलायचे. थ्रॉटल बॉडी मधूनमधून पुसायची. यादी इथंच संपते. डिझेलच्या यादीत टर्बो, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), डीपीएफ, इंजेक्टर, डिझेल फिल्टर, मोठी बॅटरी आणि बऱ्याच गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दुहेरी चाक).

वाळपईवारा
पाण्याचा विषय निघालाच आहे तर डिझेल फिल्टरमधलं पाणी घरी कसं काढायचं ते लिहितो. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा करायला हरकत नाही. आधी मॅन्युअल बघा, काही गाड्यांत फिल्टर खालून असतो आणि तिथं हात घालू नये.

गाडी रात्रभर सपाटीवर उभी हवी, म्हणजे पाणी तळाशी बसतं. इंजिन थंड, चावी बंद. फिल्टरच्या बुडाशी प्लॅस्टिकचा स्क्रू असतो, त्याच्या टोकाला पातळ नळी लावून खाली पारदर्शक बाटली धरा. सेन्सरची वायर असेल तर आधी तिचा कनेक्टर कुलूप दाबून काढा. स्क्रू हातानं एक-दीड फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. आधी गढूळ येईल, मग स्वच्छ पिवळसर डिझेल. स्वच्छ यायला लागलं की हातानंच घट्ट करा. पान्यानं आवळलं की प्लॅस्टिकचे आटे जातात आणि मग पूर्ण फिल्टर घ्यावा लागतो. बाटली दहा मिनिटं खिडकीत ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल, वर डिझेल, मधली रेघ स्पष्ट. चहाच्या चमच्याएवढं दरवेळी निघत असेल तर डिझेल भरायचा पंप बदला, दुसरीकडे भरा.

मग चावी ऑनवर दहा-दहा सेकंद दोन-तीनदा, स्टार्ट न करता, म्हणजे पंप हवा ढकलून देईल. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. सुरू केल्यावर पाच मिनिटं स्क्रूपाशी ओल येते का बघा.

मांडवीकाठ
खूण साठवली. असे प्रतिसाद यायला लागले की धाग्याचं सार्थक होतं.

शेवंती
अवांतर विचारते. सीएनजीचं कुणी नावच काढलं नाही?

हिशेबनीस
शेवंतीताई, छोट्या गाडीला आणि रोजच्या ठरल्या वाटेला सीएनजी चांगलं. किलोला २५ किमीच्या आसपास जाते आणि किलोमीटरचा खर्च डिझेलहूनही खाली येतो. पण कुळागरांना पाच माणसांचं सामान न्यायचंय, टाकीनं डिकी खाल्ली की ते ठेवणार कुठे? चढावर ताकद पेट्रोलहून आणखी कमी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) असते, ती विसरू नका. आणि पंप तुमच्या नेहमीच्या वाटेवर आहे का, हे आधी बघा.

तांबडीमाती
इलेक्ट्रिकचा प्रश्न कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो, त्याला वेगळा धागा काढा. इथं आला तर मूळ प्रश्न वाहून जाईल.

कोलवाळ
दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात, त्याबद्दल काय मत? पाच लाखांत मोठी एसयूव्ही मिळते.

स्पॅनर
स्वस्ताईचं कारण समजून घ्या. २०१५ मध्ये हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेलना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. नियमात नंतर फेरफार होत राहिले, पण त्या धास्तीनं गाड्या बाहेर पडल्या. गोव्यात तसा दहा वर्षांचा नियम नाही. मात्र तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरून किंमत ठरवा. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी वाढवायची फी एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार आहे, फिटनेस तपासणी वेगळी.

तपासताना: थंड इंजिन सुरू करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. ऑइलचं झाकण उघडून त्यावर उलटं ठेवा, वाफेच्या दाबानं उडालं तर पिस्टन रिंग गेल्या. टर्बोच्या पाइपात बोट फिरवा, किंचित ओशट चालेल, ऑइल साचलेलं नको. एक्झॉस्टमध्ये डीपीएफचा डबा कापून पुन्हा वेल्ड केलाय का खाली वाकून बघा. बरेच जण जाळी काढून टाकतात, ते बेकायदा आहे.

आणि उत्तरेकडची कोरडी गाडी इथं आली की तळाकडे लक्ष द्या. दिवाडी, चोडणच्या फेरीबोटीच्या रॅम्पवर चाकांनी उडणारं खारं पाणी पाइपांना आणि ब्रेकच्या नळ्यांना खातं. खाली गोड्या पाण्याचा फवारा दर आठवड्याला मारावा. हे पेट्रोललाही तितकंच लागू.

मोगरा
पाण्यातून गाडी घालताना पेट्रोल-डिझेल असा भेद करू नका. हवा ओढणाऱ्या तोंडापर्यंत पाणी आलं की दोन्ही इंजिनं पाणी गिळतात, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन (हवा दाबण्याचं प्रमाण) १६ च्या आसपास, पेट्रोलचं १०-११, त्यामुळे डिझेलमध्ये थोडं पाणीही पुरतं. बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. विम्यात इंजिन प्रोटेक्शनची जोड नसेल तर कंपनी हा खर्च सहसा देत नाही. हजार-दोन हजार वाचवायला ती जोड काढू नका.

कोलवाळ
बरं, चुकीचं इंधन भरलं तर? पंपावर घाईत होतं.

वाळपईवारा
डिझेलमध्ये पेट्रोल गेलं तर चावी ऑनवरही नेऊ नका, कारण ऑन केल्याबरोबर पंप चालू होतो. गाडी ढकलून बाजूला घ्या, टाकी उपसा, लाइन आणि फिल्टर बदला, ताजं डिझेल भरा. उच्च दाबाचा पंप डिझेलच्या ओशटपणावरच चालतो. पेट्रोलनं तो कोरडा घासतो आणि धातूचे कण इंजेक्टरपर्यंत जातात. पेट्रोलमध्ये डिझेल गेलं तर नुकसान त्या मानानं कमी, पण उपसावं लागतंच.

कुळागर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कुठे वाचायला मिळालं नव्हतं. स्पॅनरबाब, तुमचा प्रश्न घरी बसून मोजला. मी कामाला पणजीला कदंबच्या बसनं जातो, गाडी घरीच. रोज शाळा, फोंडा मार्केट, देऊळ, आईचं औषध अशा चार-पाच फेऱ्या, प्रत्येक दोन ते चार किमी. महिन्याला साधारण ६०० किमी हे. उरलेले ४०० बेळगावच्या दोन फेऱ्यांचे. आता?

अनमोड
तरी डिझेल जमतं. दर पंधरवड्याला बेळगाव म्हणजे सलग शंभरेक किमीची वाट, त्यात जाळी स्वच्छ होते. दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम ३०० किमी. एवढ्यात रिजनरेशनची वेळ फार तर एकदा येते.

स्पॅनर
अनमोडबाब, आठ महिने तुमचं म्हणणं बरोबर. पण जून ते सप्टेंबर? चोर्ल्यात धुकं, दरडी, पडलेली झाडं. लहान मुलं आणि वडीलधारी घेऊन दर पंधरवड्याला कोण जाणार? त्या चार महिन्यांत गाडी फक्त फोंड्यात फिरणार, इंजिन थंड, हवा दमट, एसी काच पुसायला सतत चालू. पावसाळ्यातच जाळी भरते आणि पावसाळ्यातच ऑइल पातळ होतं. वर्षाची सरासरी चांगली दिसते, पण गाडी आजारी पडते ती त्या चार महिन्यांत. मी पेट्रोलच सांगेन, साधं, टर्बो नसलेलं.

अनमोड
पावसाळ्याचा मुद्दा पटला. तरी ज्याला डिझेलच हवी त्यानं रविवारी मोलेपर्यंत एक फेरी ठेवली तर भागतं. घरातलं कुणी नेमानं नेणार असेल तरच.

हिशेबनीस
मग आकडे पुन्हा मांडतो. छोट्या फेऱ्यांत पेट्रोल १० आणि डिझेल १३ देईल, फरक किमीला २.८५ रुपये. लांबच्या वाटेवर पेट्रोल १५, डिझेल २०, म्हणजे ६.४७ विरुद्ध ४.४५, फरक २.०२. महिन्याचे ६०० आणि ४०० धरले तर डिझेलनं २५१८ रुपये वाचतात, देखभालीचे ३०० गेले, उरले सव्वादोन हजारांच्या आतबाहेर. १ लाख ६० हजार भरून निघायला सहा वर्षं. म्हणजे कागदावर डिझेल सहा वर्षांनी जिंकतं, पण त्या सहा वर्षांत डीपीएफचं किंवा इंजेक्टरचं एक मोठं काम निघालं तर जिंकणं पुढे ढकललं जातं. गावातल्या वापरात ती शक्यता वाढते, म्हणून माझंही मत पेट्रोल. वाचलेल्या दीड लाखातून वरचं मॉडेल न घेता ते पैसे बाजूला ठेवा, दर महिन्याचं जादा पेट्रोल त्यातून जाईल.

स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरही चालणारी गाडी, बजेटात बसलं तर जरूर बघा. गावातल्या छोट्या फेऱ्यांतच त्याची खरी बचत होते, आणि मोठ्या कंपन्या हायब्रिड बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी देतात. १५ लाखांत ताणून बसवू नका मात्र.

कुळागर
ठरलं, साधं पेट्रोल, मॅन्युअल. एकच शंका उरली. घाटात पाच माणसांनिशी ते खरंच चढेल ना?

तांबडीमाती
टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, घरातले पाचही जण बसवा. एसी पूर्ण चालू. शोरूमवाला सपाट रस्त्यावर नेईल, तुम्ही फर्मागुडीचा चढ घ्या. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगावरून पाय दाबा आणि किती सेकंदांत ५० येतो ते मागच्या कुणाला तरी मोजायला सांगा. मग चढावरच थांबून हँडब्रेकवरून पहिल्या गिअरमध्ये उचला. क्लच जळाल्याचा वास आला किंवा ३५०० आरपीएमच्या खाली गाडी हललीच नाही, तर ते मॉडेल सोडा.

स्पॅनर
+१. आणि त्याच चढावर बॉनेट उघडून एअर इनटेकचं तोंड किती उंचीवर आहे ते टेपनं मोजा. शोरूममध्ये हे सांगणारं कुणी नसतं. ६० सेंटीमीटरच्या खाली असेल तर दुसरं मॉडेलही बघून घ्या.